रात्रीच्या चार फेऱ्या आणि दिवसाच्या सवयी

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. वय ६३. इंदूरला सुदामानगरात राहतो. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. वर्षभरापासून रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं. दिवसाही तास-दीड तासानं जावंसं वाटतं. बाहेर निघताना जाऊन येतो, पोचल्यावर पुन्हा जागा शोधतो. उपाय म्हणून दुपारी चारनंतर पाणी बंद केलं, पण काही फरक नाही. यंदा रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) पाहायला राजवाड्यावर गेलो नाही. नाटकाला गेलो तर कडेची खुर्ची मागून घेतो. पत्नी म्हणते प्रोस्टेट असणार, दाखवून या. शेजारचे एक गृहस्थ म्हणतात, गेलात की ऑपरेशन सांगतील. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. हे वयाचं आहे की माझ्या राहणीचं?

उत्तर : तुमचं पत्र आलं तेव्हा मी लगेच उत्तर लिहिलं नाही. संपादकांकरवी निरोप धाडला की प्लास्टिकचं एक मापाचं भांडं आणा आणि तीन दिवस प्रत्येक लघवी मोजून वेळेसकट लिहून ठेवा. काय खाल्लं, काय प्यायलात तेही लिहा. तुम्ही शाळेच्या वहीत रेघा आखून ते सगळं लिहून पाठवलंत. पस्तीस वर्षांच्या दवाखान्यात इतकी नीट नोंद मला फार थोड्यांनी दिली आहे, म्हणून तुमच्या परवानगीनं त्यातला शनिवार इथे मांडतो.

उठल्यानंतर सकाळी दहाला १२० मिली. सव्वाअकराला ९०, पुढे तुमचाच शेरा : ‘बँकेत जायचं होतं म्हणून’. साडेबाराला १००, अडीचला १५०, सव्वापाचला १३०, पावणेआठला ११०, आणि पावणेबाराला अंथरुणावर पडण्याआधी १४०. दिवसभरात सात वेळा मिळून ८४० मिली. मग रात्री सव्वाएकला २५०, पावणेतीनला ३००, चार वाजून वीस मिनिटांनी २८० आणि रविवारी सकाळी साडेसहाला ३००. सकाळची ती पहिली लघवी रात्रीच तयार झालेली असते, म्हणून ती रात्रीच्या खात्यात धरायची. रात्रीची बेरीज ११३०.

चोवीस तासांचे १९७० मिली झाले. ही एकूण मात्रा अगदी योग्य आहे. वाटणी मात्र उलटी आहे. तुमच्या वयात रात्रीचा वाटा साधारण एक तृतीयांशाच्या आत असावा, तुमचा निम्म्याहून जास्त आहे. पावणेतीनला मूत्राशयात ३०० मिली आरामात मावतंय, म्हणजे रात्रीचा मुख्य दोष मूत्राशयाचा दिसत नाही. प्रोस्टेटमुळे, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथीमुळे, वाट अडली असती तर रात्रीही थोडी थोडी झाली असती, धार बारीक असती, सुरू व्हायला वेळ लागला असता. यातलं काहीच तुमच्या वहीत नाही. तुमच्या रात्रीची गोष्ट अशी आहे की मूत्रपिंडं रात्री जास्त लघवी तयार करतायत.

मग चारनंतर पाणी बंद असताना हे पाणी येतं कुठून? उत्तर तुमच्याच वहीच्या शेवटच्या पानावर आहे. तिथे तुम्ही सहज लिहून गेलात : ‘संध्याकाळी चप्पल घट्ट होते.’ दिवसभर खुर्चीत पाय खाली सोडून बसलं की पाणी पोटऱ्यांत आणि घोट्यांत साचतं. रात्री आडवे झालात की ते रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकायला लागतात. दुपारपासून तहान मारून तुम्ही जे वाचवलंत त्याहून जास्त पाणी पायांत जमा होतं. मला तुमच्या तहानेचं वाईट वाटलं. उन्हाळ्यात इंदूरचा पारा चाळीसच्या वर जातो, अशा दिवसांत चारनंतर कोरडं राहायचं म्हणजे मुतखड्याला आमंत्रण. शिवाय घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला टोचते आणि दिवसाची घाई वाढते.

आणि पाणी बंद होतं का खरंच? शनिवारी साडेपाचला चहा आहे. रात्री नऊनंतर नातवाबरोबर सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेलात, तिथे भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटीस आणि वर एक ग्लास शिकंजी आहे. (बाहेरगावच्या वाचकांसाठी : आमची इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, ती दुधाची, सुक्यामेव्याची, दाट असते.) तुम्ही तांब्यातलं पाणी तेवढं मोजलंत. चहा, ताक, वरण, शिकंजी हे सगळं पाण्याच्याच हिशेबात येतं.

त्याहून मोठा मुद्दा मिठाचा. सकाळी पोह्यांवर सेव आणि जिरावन मसाला, दुपारी जेवणात पापड, पाचच्या चहाबरोबर पुन्हा नमकीन, रात्री सराफा. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं आणि रात्री सोडतं. २०१७ साली जपानी डॉक्टरांनी एक अभ्यास मांडला होता. रात्री उठणाऱ्या आणि भरपूर मीठ खाणाऱ्या लोकांना त्यांनी मीठ कमी करायला लावलं. ज्यांचं रोजचं मीठ सुमारे १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आलं, त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. ८ ग्रॅमसुद्धा जास्तच, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. पोह्यांवरची सेव मी कोणाचीच काढून घेऊ शकलेलो नाही आणि तुमचीही काढणार नाही. सकाळची तेवढी राहू द्या. पाचची आणि नऊची सोडा, सराफा महिन्यातून एकदा.

ब्लडप्रेशरच्या गोळीचं नाव तुम्ही वहीत लिहिलंत ते बरं केलंत. अ‍ॅम्लोडिपिननं काही लोकांच्या घोट्यांवर सूज येते. गोळी स्वतःच्या मनानं मात्र बंद करू नका, ब्लडप्रेशर उसळलं तर लघवीपेक्षा मोठं संकट ओढवेल. पायांची सूज दाखवून तुमच्या डॉक्टरांना विचारा की गोळी बदलता येईल का. ज्या वाचकांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल त्यांनी ती रात्री घेतली जात नाही ना, हेही विचारावं.

आता करायचं काय. सकाळी उठल्यापासून दुपारी तीनपर्यंत पाणी मोकळेपणानं प्या. त्यानंतर तहानेपुरतं, आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास घोट-दोन घोट. दुपारी चारच्या सुमारास तासभर आडवे व्हा, पायांखाली लोड किंवा दोन उशा घ्या म्हणजे पाय छातीपेक्षा उंच राहतील. पायांत साचलेलं पाणी तेव्हाच बाहेर पडेल आणि संध्याकाळी लघवी जास्त होईल. ते चांगलं लक्षण समजा. मग फिरायला निघा. पोटऱ्या चालल्या की त्या पाणी वर ढकलतात. तुम्ही फिरायला सकाळी जाता आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसता, त्याची अदलाबदल करून पाहा.

पत्नीला एक विचारा : घोरता का, घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का? तसं असेल तर ते वेगळं दाखवा. झोपेत श्वास अडला की हृदयावर ताण येतो. मग हृदय असा एक संप्रेरक सोडतं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लागतात. असे कितीतरी गृहस्थ पाहिले आहेत जे वर्षानुवर्षं प्रोस्टेटच्या गोळ्या खात होते आणि दुखणं घोरण्यात होतं.

दिवसाचं दुखणं निराळं आहे आणि तिथे सवय सरळ दिसते. दर वेळी ९०, १००, १३०. मूत्राशयात चारशेच्या आसपास मावतं, जाणीव दीडशे-दोनशेला सुरू होते. तुम्ही जाणीव व्हायच्या आधीच ‘खबरदारी’ म्हणून जाता आणि मूत्राशयाला थोड्यावरच रिकामं व्हायची सवय लागते. किल्ली कुलुपात घातली की घाई होते, असंही तुम्ही लिहिलंय. ती शिकलेली घाई आहे, तशीच ती विसरवताही येते. घाई आली की धावू नका. जागच्या जागी थांबा, वारा अडवतो तसे खालचे स्नायू पाच-सहा वेळा आवळून सोडा. लाट ओसरते. मग दहा मिनिटांनी जा. पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं, त्यापुढे वीस. अडीच-तीन तासांचं अंतर पडायला दीड-दोन महिने लागतात, धीर धरा. चहा तुमच्या वहीत सहा वेळा आहे. तीनवर आणा, पाचनंतर एकही नको. चहातलं कॅफीन लघवी वाढवतं आणि मूत्राशयाला डिवचतंही.

पत्नीचं ऐका आणि दाखवून या. शुगर करा, उपाशीपोटीची आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). वाढलेल्या साखरेचं पहिलं बोट लघवीकडेच असतं. लघवीची साधी तपासणी, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते ते मोजायला आवर्जून सांगा. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. लघवीत जंतुसंसर्ग असला तर तो आकडा उगाच वाढलेला येतो आणि घर हादरतं.

शेजाऱ्यांच्या ऑपरेशनबद्दल एवढंच : तरुणपणी प्रोस्टेट २० ग्रॅमच्या आसपास असतं, अक्रोडाएवढं, आणि वयाबरोबर बहुतेकांचं वाढतं. पन्नाशीतल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही वाढ सुरू झालेली असते. पण सोनोग्राफीतले ग्रॅम आणि माणसाचा त्रास यांची जोडी जमतेच असं नाही. साठ ग्रॅमवाला रात्रभर गाढ झोपतो आणि तीस ग्रॅमवाल्याची लघवी तुंबते. बहुतेकांचं राहणी आणि गोळ्यांवर भागतं. गोळी सुरू झालीच आणि ती टॅम्सुलोसिन असली, तर पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना ते सांगायचं विसरू नका. त्या गोळीनं बाहुली शस्त्रक्रियेत नीट उघडी राहत नाही.

तीन आठवड्यांनी तीच वही पुन्हा भरा, भुट्ट्याच्या कीसासकट.

प्रश्न : डॉक्टरकाका, बाबा ७४ वर्षांचे आहेत, राजेंद्रनगरला आमच्याकडेच राहतात. लघवीला गेले की फार वेळ लावतात, पण विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतात. बद्धकोष्ठही आहे. थंडीत सर्दी झाली की मेडिकलमधून गोळी आणून घेतात. पूर्वी विडी ओढायचे, दहा वर्षांपूर्वी सोडली. गेल्या महिन्यात कमोडमध्ये लघवी लालसर दिसली म्हणून मी घाबरले. ते म्हणाले, एकदाच झालं, दुखलंही नाही, सोडून दे. काय करू?

उत्तर : ताई, सोडू नका. हा अंक हाती पडेल त्या आठवड्यात त्यांना मूत्ररोगतज्ज्ञांकडे न्या. एमवायसारख्या सरकारी रुग्णालयात न्या, खासगीत न्या, पण न्या. लघवीतून न दुखता एकदाच रक्त जाणं आणि मागे तंबाखूचा इतिहास असणं, हे दोन्ही एकत्र आलं की मूत्राशयाचा कर्करोग नाही ना हे पाहावंच लागतं. तंबाखूच्या धुरातली विषं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात. लघवी मूत्राशयात तासन्‌तास थांबते, तेवढा वेळ ती विषं आतल्या अस्तराला लागून असतात. विडी सोडल्यानं धोका कमी होतो, पुसला जात नाही. तपासणीत काही निघालं नाही तर आनंदच आहे, कारण पुष्कळदा प्रोस्टेटमधूनही रक्त येतं. पण ‘दुखलं नाही’ हे दिलासा मानायचं कारण नाही. सुरुवातीला हा आजार दुखत नाही.

सर्दीच्या गोळीबद्दल मी माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझे वडील रात्री तीनदा उठायचे. खाटेखाली त्यांनी एक डबा ठेवला होता, पहाटे कोणी उठायच्या आत ते तो स्वतः धुऊन आणायचे. मी तेव्हा डॉक्टर होऊन चार वर्षं झाली होती, त्याच घरात राहत होतो, आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. डिसेंबरात देवासला एका लग्नाला गेलो. त्यांना सर्दी होती, कोणीतरी गोळी दिली, ती घेऊन ते मांडवात बसले. रात्री लघवी पूर्ण तुंबली. पोट तट्ट फुगलेलं, कपाळावर घाम, आणि तरी ते मला म्हणत होते, ‘अरे, पंगत होऊ दे.’ इंदूरला आणून कॅथेटर (लघवी काढायची नळी) घातला तेव्हा नऊशे मिलीहून जास्त लघवी निघाली. ते एवढं सोसत होते आणि मी पलीकडच्या खोलीत होतो, हे मी अजून विसरलेलो नाही.

सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात. नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन मूत्राशयाचं तोंड आणि प्रोस्टेटचे स्नायू आवळतं. सर्दी सुकवणारं क्लोरफेनिरामिन मूत्राशयाची ढकलण्याची ताकद कमी करतं. दार बंद आणि ढकलणारा दुबळा, मग लघवी अडते. ज्यांची धार आधीच बारीक आहे त्यांनी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वाफ घ्या, मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, ताप असला तर साधं पॅरासिटामॉल. खोकल्याच्या काही औषधांतही हेच असतं, दुकानदाराला ‘बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे’ असं स्पष्ट सांगा.

बद्धकोष्ठाचाही इथे हात आहे. मलाशय मूत्राशयाच्या अगदी मागे असतं, ते भरून राहिलं की मूत्राशयाला दाबतं आणि नीट रिकामं होऊ देत नाही. पपई, पेरू, भाजी, इसबगोल, आणि सकाळी घाई न करता बसणं. ते कुंथत असतील तर आधी हे सुधारा.

आणि विचारायचं कसं, तर ‘काही त्रास आहे का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘नाही’च येतं. ‘बाबा, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का? मधे तुटते का? झाल्यावर पुन्हा जावंसं वाटतं का? अंथरूण ओलं होतं का?’ असं एकेक विचारा. तुम्हाला संकोच वाटत असेल तर पतीला किंवा भावाला बसवा. झोपेत नकळत ओलं होत असेल तर मूत्राशय काठोकाठ भरून सांडत असण्याची शक्यता असते, आणि त्यानं मूत्रपिंडं खराब होतात. तेही त्याच भेटीत सांगा.

प्रश्न : सर, मी २७ वर्षांचा. रोज इंदूर ते पिथमपूर मोटरसायकलनं जातो. कामावर दिवसभर जायला मिळत नाही, पाणीही कमी पितो. उन्हाळ्यात लघवीला जळजळ होते. सोनोग्राफीत ४ मिमीचा खडा निघाला. बिअर प्यायली की पडतो म्हणतात. टोमॅटो, दूध बंद केलं आहे.

उत्तर : तुझ्या वयाच्या मुलाला मला तुम्ही म्हणवत नाही. टोमॅटो खा आणि दूधही पी. जेवणातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेट या क्षाराला आतड्यातच धरून ठेवतं, ते बंद केलंस तर उलट जास्त ऑक्झलेट लघवीत उतरतं. बंद करायचं ते वरचं मीठ आणि पाकिटातलं नमकीन. बिअरनं थोडा वेळ लघवी वाढते, मग शरीर कोरडं पडतं. खडा ढकलायची ताकद तिच्यात नाही. ४ मिमीचे बहुतेक खडे पाण्यानं आणि वेळेनं आपोआप पडतात.

लघवी दिवसाला अडीच लिटर व्हावी एवढं पाणी हवं. घामाच्या दिवसांत त्यासाठी तीन-साडेतीन लिटर प्यावं लागेल. लघवीचा रंग फिक्या लिंबूपाण्यासारखा दिसला की पुरलं समज. पाण्यात लिंबू पिळ, त्यातलं सायट्रेट खडा जमू देत नाही. तुला उन्हाळी लागते असं आपण म्हणतो, ती पुष्कळदा नुसती घट्ट लघवी असते, पण पुरुषाला वारंवार जळजळ होणं तपासून घ्यावं. लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) कर. आणि खडा असताना थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर ते जिवावर बेततं.

तुझ्या सुपरवायझरशी बोल. तीन-चार तासांनी पाच मिनिटं मागणं यात कामचुकारपणा नाही. आपल्या शहरात रस्त्यात आता सार्वजनिक स्वच्छतागृहं पुष्कळ आणि बरी आहेत, निघताना आणि परतताना तिथे थांब.

प्रश्न : वय ५१. लघवी करून पँट नीट केली की दोन-चार थेंब मागाहून येतात. पांढरा लेंगा घालायचं सोडलं. हा प्रोस्टेटचा आजार आहे का? बसून केली तर फरक पडतो का?

उत्तर : बहुतेक नाही. मूत्रनलिकेचा एक भाग वृषणांच्या मागे खोलगट वळतो. तिथे थोडी लघवी राहते आणि हालचाल झाली की बाहेर येते. चाळिशीनंतर तिथले स्नायू सैल पडतात. झटकून ती निघत नाही. लघवी झाल्यावर क्षणभर थांबा, वृषणांच्या मागे, गुदद्वाराच्या पुढच्या भागावर दोन बोटं हलकेच दाबा आणि तशीच पुढे सरकवत आणा. दोन-तीनदा केलं की राहिलेले थेंब तिथेच पडतात. दिवसातून तीन वेळा खालचे स्नायू दहा-दहा वेळा आवळा, पाच मोजेपर्यंत धरा आणि सोडा. दोन-तीन महिन्यांत फरक पडतो.

बसून करण्याचं म्हणाल, तर हॉलंडमध्ये २०१४ साली आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. धडधाकट पुरुषांत उभं किंवा बसून काही फरक नव्हता. ज्यांना त्रास आहे त्यांची बसून लघवी जास्त रिकामी झाली. तेव्हा घरी बसून करा, उठण्याआधी अर्धा मिनिट थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा. आणि पांढरा लेंगा खुशाल घाला.